मनोरे विमानाने पाडले की आगीने?

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे दोन उत्तुंग मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी जमीनदोस्त झाले, त्याला पाव शतक होत आले. ते कशाने कोसळले याविषयीचा वाद मात्र अद्याप शमलेला नाही. विमानांची धडक व आग एवढे कारण पुरेसे आहे, असे एक पक्ष म्हणतो. पोलादी इमारती अशा पडत नसतात, आत कोणी तरी धातू वितळविणारी द्रव्ये आधीच पेरून ठेविली असली पाहिजेत, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. हा वाद परक्यांचा म्हणून आपण बाजूस सारू शकत नाही. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरला एक लहान विमान बांधकामाच्या जागेवर कोसळून पाच जण दगावले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस प्रवासी विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले आणि २६० जीव गेले. त्यांपैकी १९ जण जमिनीवरचे होते. तेव्हा या वादात पुरावा काय सांगतो हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम धडकेचा विचार करू. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात अमेरिकी लष्कराचे एक बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्याच एम्पायर स्टेट इमारतीच्या ७९ व्या मजल्यावर आदळले. चौदा माणसे मेली, आग सुमारे चाळीस मिनिटांत विझविण्यात आली आणि इमारत आजही उभी आहे. हा दाखला संशयवादी मोठ्या हिरिरीने देतात. पण ते विमान सुमारे दहा टनांचे होते व त्याचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होता. २००१ सालची विमाने प्रत्येकी सव्वाशे टनांच्या वर भरत होती आणि त्यांचा वेग ताशी सातशे ते पावणेनऊशे किलोमीटर होता. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतला मुलगाही जाणतो. ढोबळ हिशेबाने पाहता उत्तर मनोऱ्यावरचा आघात १९४५ च्या आघाताच्या साठपट भरतो.

तरीही मनोरे त्या आघाताने पडले नाहीत, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिण मनोरा ५६ मिनिटे आणि उत्तर मनोरा १०२ मिनिटे उभा होता. धडकेने काही खांब तुटले, परंतु त्यांचा भार शेजारच्या खांबांनी पेलला. अधिक घातक गोष्ट निराळीच घडली. पोलादावर फवारलेला अग्निरोधक लेप धडकेच्या तडाख्याने उडून गेला आणि खांब व तुळया उघड्या पडल्या. विमानातील इंधन काही मिनिटांतच जळून गेले. त्यानंतर पेटत राहिली ती कचेऱ्यांतील मेजे, कागद आणि गालिचे. ही आग हजार अंशांपर्यंत पोहोचली.

पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश उष्णता लागते, मग आगीने ते वितळलेच कसे, असा प्रश्न नेहमी केला जातो. त्याचे उत्तर गावच्या लोहाराला विचारावे. तो विळ्याचे लोखंड वितळवीत नाही. लाल होईपर्यंत तापवितो, आणि तेवढ्यानेच ते घणाखाली वाकते. सहाशे अंशांच्या सुमारास पोलादाचे निम्मे बळ नाहीसे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: तापलेले मजले खाली झोळले, त्यांनी बाहेरच्या खांबांना आत ओढले, खांब वाकले आणि वरचा सारा भार खाली आला. दक्षिण मनोऱ्यावर विमान नंतर आदळले, परंतु ते अधिक खाली व अधिक वेगाने आदळले. वरचा भार अधिक होता, म्हणून तो आधी पडला. लेप शाबूत राहता तर बहुधा मनोरे पडले नसते, असेही त्या संस्थेने नमूद केले आहे. सगळ्या वादाचे मर्म या एका वाक्यात आहे.

‘केवळ आगीने पोलादी इमारत पडल्याचे दाखवा’ हे आव्हानही आता जुने झाले. १९ जानेवारी २०१७ रोजी तेहरानमधील प्लास्को इमारत केवळ आगीने कोसळली आणि तिच्याखाली अग्निशामक दलाचे जवान गाडले गेले. माद्रिदच्या विंडसर मनोऱ्याला २००५ मध्ये आग लागली, तेव्हा त्याचा काँक्रीटचा गाभा उभा राहिला आणि वरच्या मजल्यांचे पोलाद ढासळले.

आता जळत्या धातूचा मुद्दा. लोखंडाचा गंज व ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण पेटविले की सुमारे अडीच हजार अंशांची उष्णता निर्माण होते. यालाच थर्माइट म्हणतात. आपल्या रेल्वेचे रूळ सांधावयास हीच क्रिया वापरतात, त्यामुळे तीत गूढ असे काही नाही. दक्षिण मनोरा पडण्यापूर्वी काही मिनिटे त्यातून तेजस्वी वितळलेला धातू ओघळत होता, हेही खरे. पण विमानाचे अंगच ॲल्युमिनियमचे असते, आणि तो धातू ६६० अंशांवर वितळतो. नॉर्वेच्या एका धातुशास्त्रज्ञाने तर २०११ मध्ये असा तर्क मांडला की वितळलेल्या ॲल्युमिनियमशी फवाऱ्यांच्या पाण्याचा संयोग होऊन स्फोट झाले असावेत. हा तर्क सर्वमान्य नाही. तथापि विमानातील धातूच आगीत काय करू शकतो, याचा विचार त्याने पुढे आणला. थर्माइट पेरणाऱ्याला मात्र मनोऱ्यांतील असंख्य खांबांशी लोकांच्या डोळ्यांदेखत भारंभार माल नेऊन बसवावा लागला असता. शिवाय दोन्ही मनोऱ्यांची पडझड आघाताच्या व आगीच्या मजल्यांवरच सुरू झाली. म्हणजे हा माल विमानाची धडक आणि तासभराची आग सोसून तसाच राहिला, असे मानावे लागेल. ते आम्हांस पटत नाही.

परंतु संशय वाढला तो केवळ संशयखोरांच्या स्वभावामुळे नव्हे. पडलेल्या पोलादाचा मोठा भाग तपासणीपूर्वीच भंगारात गेला. त्यातील काही चीन व भारतापर्यंत वितळविण्यासाठी आला. मार्च २००२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीपुढे या कारभारावर कडक टीका झाली. पुढे त्या संस्थेच्या हाती अवघे २३६ तुकडे लागले. स्फोटक द्रव्यांच्या अवशेषांसाठी रासायनिक चाचणी करावी, असे तिला वाटले नाही. शेजारची ४७ मजली सातवी इमारत, जिच्यावर विमान आदळलेच नव्हते, सुमारे सात तासांच्या आगीनंतर त्याच सायंकाळी कोसळली. एका शाळेतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने, ती सव्वादोन सेकंद निर्वेध खाली आली, हे दाखवून दिले. ही बाब नोव्हेंबर २००८ च्या अंतिम अहवालात मान्य करावी लागली. त्यातून कट सिद्ध होत नाही. पण नागरिकाचा नेमका प्रश्न राज्ययंत्रणेला अहवाल सुधारावयास लावू शकतो, हे सिद्ध होते. पुरावा घाईने नाहीसा करणारे शासन अफवेला स्वतःच्या हाताने खतपाणी घालीत असते.

या वादाच्या गदारोळात खरा आरोप मात्र झाकला गेला आहे. उत्तर मनोऱ्याचे तिन्ही जिने इमारतीच्या गाभ्यात जवळजवळ होते. एकाच तडाख्यात तिन्ही तुटले आणि धडकेच्या वर असलेल्या सुमारे साडेतेराशे माणसांपैकी एकही वाचला नाही. दक्षिण मनोऱ्यात त्या मजल्यांवर जिने दूरदूर होते. त्यांतील एक शिल्लक राहिला आणि त्यावरून अठरा माणसे जिवंत खाली आली. सातव्या इमारतीत पाण्याचे नळ फुटल्याने फवारे कोरडे पडले होते. अमेरिकेने पुढे १२८ मीटरहून उंच इमारतींना आणखी एका जिन्याची आणि अग्निरोधक लेप पक्का बसविण्याची अट घातली. कट शोधणाऱ्यांच्या ग्रंथांनी एकही जिना वाढविलेला नाही, हे कटू वाटले तरी सत्य आहे.

मुंबईत आज मनोऱ्यांवर मनोरे उठत आहेत. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ प्रमाणे मालक वा भोगवटादार यांनी दर जानेवारी व जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दिले पाहिजे. कायदा चांगला आहे, पण कागद आग विझवीत नाही. जिन्यात ठेवलेली जुनी कपाटे, कुलूपबंद दारे, बंद पंप आणि आश्रयासाठी राखलेल्या जागेत मांडलेला संसार यांना विमानाची वाट पाहावी लागत नाही. एक ठिणगी पुरते. ही प्रमाणपत्रे महापालिकेने प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारावर लावण्याची सक्ती करावी व त्यांची पडताळणी अचानक करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. आणि आग लागलीच तर तपासाचा अहवाल दडवून न ठेवता लोकांपुढे मांडावा. मनोरे विमानाने पाडले की आगीने, या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले आहे. आपल्या घराचा जिना आज मोकळा आहे की नाही, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने स्वतः उठून पाहून द्यावे.