पोरांना काय कळतंय?

घरात माणूस गेलं की पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पोरांना बाजूला न्या, त्यांना काय कळतंय?’ मग शेजारच्या काकी त्यांना आपल्याकडं नेतात, हातात बिस्किटाचा पुडा देतात, टीव्ही लावतात आणि दार ओढून घेतात. हे सगळं मायेपोटी होतं, यात शंका नाही. पण ज्या समजुतीवर हे चालतं, ती समजूतच चुकीची आहे.

मुळात या समजुतीवर आपला स्वतःचा तरी विश्वास आहे का? वडील गेले आणि थोरला मुलगा दहा वर्षांचा असला, तर त्याच दिवशी कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात आपण त्याच्या खांद्यावर मडकं देतो, चितेभोवती फिरवतो, अग्नी द्यायला लावतो. सकाळी ज्याला काही कळत नव्हतं, त्याला दुपारी बजावतो, ‘आता तूच घरातला कर्ता. रडायचं नाही, आईला सांभाळायचं.’ त्याची आठ वर्षांची बहीण तेवढा वेळ शेजारच्या खिडकीचे गज धरून उभी असते. बाबांना कुठं नेलं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. भावावर पेलणार नाही इतकं लादलं, बहिणीला जवळही येऊ दिलं नाही, आणि दोघांना विचारलं कुणीच नाही.

‘तिसऱ्या दिवशी पोरगं गल्लीत क्रिकेट खेळत होतं, म्हणजे विसरलं’ हा दुसरा आवडता पुरावा. मोठ्या माणसासारखं सलग दुःख करणं मुलाला झेपत नाही. ते घटकाभर रडतं, मग खेळतं, आणि रात्री जेवताना रिकाम्या पाटाकडं बघून पुन्हा गप्प होतं. कुणाचं पोट दुखायला लागतं, कुणी पुन्हा अंथरूण ओलं करतं, कुणी आईचा पदर सोडत नाही. शाळेत बाई म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. ही शोकाचीच रूपं आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला गेलेलं माणूस परत येत नाही हे पुरतं उमगलेलं नसतं, म्हणून ते ‘बाबा कधी येणार?’ हे पुन्हा पुन्हा विचारतं. थोडं मोठं मूल मनात भलताच हिशेब मांडतं : मी हट्ट केला, मी दवाखान्यात गेलो नाही, म्हणून आजी गेली. हा हिशेब खोडायला जवळ कुणी बोलणारं नसलं, तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आणि आपण बोलतो तेव्हा काय बोलतो? ‘आजोबा झोपलेत.’ त्या रात्रीपासून नातू झोपायला घाबरतो. ‘बाबा गावाला गेलेत.’ मग गाव कुठलं, एसटी कधी सुटते, मला का नाही नेलं? घरात श्रद्धा असेल तर देवाघराचं जरूर सांगावं, पण त्याआधी साधं खरं सांगायला हवं : बाबांचं शरीर बंद पडलं, ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. आणि यात तुझी काही चूक नाही.

‘ही परदेशी फॅडं, आपल्याकडं घर भरलेलं असतं’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. भरलं घर हा मोठा आधार आहे. रक्षाविसर्जन, दहावा, घाटावर कावळ्याची वाट बघणं यांत पोरांनाही सगळ्यांसोबत उभं राहायला जागा मिळते. पण तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. अमेरिकेत विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतल्या आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं अभ्यास केला. काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त ठळक दिसला. आपल्याकडं तोवर वर्षश्राद्ध उरकून घर मोकळं झालेलं असतं.

कोल्हापूरला याबाबत दूर बघायची गरज नाही. शाहू महाराजांची आई त्यांचं तान्हेपण सरतं न सरतं तोच गेली, आणि १८८६ साली वडील गेले तेव्हा ते राजकोटला शिकत होते. पुढं १९१८ साली त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेला. मागं राहिलेली सून इंदुमतीदेवी जेमतेम अकरा वर्षांची. त्या काळच्या रीतीनं तिला कोपऱ्यात बसवलं असतं. महाराजांनी तसं होऊ दिलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबत शिकायला मुली दिल्या. १९२५ साली ती मॅट्रिक झाली. ते बघायला महाराज नव्हते. पुत्रशोकात बुडालेल्या बापाला त्या पोरीचं वेगळं दुःख दिसलं, हे मला त्यांच्या मोठ्या सुधारणांइतकंच मोठं वाटतं.

याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवणं हा विधवा बाईला न्याय आहेच. पण ते बघणारं लेकरूही दारात उभं असतं. बाप गेला त्याच दिवशी आईचीही ओळख पुसली जाताना ते बघतं. हेरवाडच्या ठरावानं नकळत त्या लेकरालाही वाचवलं आहे, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

होळीला स्मशानभूमीसाठी शेणी देणारं कोल्हापूर हे शहर आहे. परक्याच्या मरणाचीही जबाबदारी आपली, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हा गल्लीत, भावकीत असा प्रसंग आला, तर पोरांना कडेवर घेऊन बाहेर नेण्याआधी एवढं करा : त्यांच्याशी कोण बोलणार ते ठरवा, आणि शेवटचं दर्शन घ्यायचं का, हे त्यांना विचारा. नको म्हणाली तर ओढू नका. शाळेच्या बाईंना दुसऱ्याच दिवशी कळवा. आणि वर्ष उलटल्यावर त्या घरी पुन्हा जा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पोरांशी बोला.