घरगुती विज्ञान : कंपासपेटी आणि रेडिओ

दिवाळीच्या साफसफाईंत मुलांच्या जुन्या कंपासपेट्या प्रथम भंगारांत जातात. यंदा आमच्या घरींहि तसेंच व्हावयाचें होतें. परंतु धाकट्या पुतण्यानें बिजागरी सैल झालेली एक पेटी पिशवींतून परत काढली व "काका, ही मला रेडिओसाठीं हवी," असा हट्ट धरिला. आम्ही प्रथम हंसलों; पण त्याच्याजवळ बसून पाहिलें तेव्हां हंसण्याचें कारण उरलें नाहीं.

मध्यम लहरींचा एक लहान रेडिओ त्यानें लांकडी फळीवर जुळविला होता. गाणें लागे, पण हात जवळ नेला कीं केंद्र सरके, आणि मधून मधून विजेच्या तारांची घरघर ऐकूं येई. आपलें शरीर विद्युद्वाहक असल्यामुळें हात जवळ येतांच मंडलाची विद्युद्धारणा बदलते. भोंवतीं धातूची भिंत घालून ती बॅटरीच्या ऋण टोंकास जोडली म्हणजे हा उपद्रव पुष्कळ अंशीं थांबतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३६ सालीं खोलीएवढ्या पिंजऱ्यांत स्वतः शिरून हेंच तत्त्व पडताळून पाहिलें. कंपासपेटी म्हणजे तोच पिंजरा, लहान आकाराचा.

उत्साहाच्या भरांत आम्हीं सगळेंच सामान पेटींत घालावयास सांगितलें. झांकण लावतांच रेडिओ मुका! चूक आमची होती. जी भिंत घरघर अडविते, तीच केंद्राच्या लहरीहि अडविते. लहरी टिपणारी फेराइटच्या कांडीवरील गुंडाळी बाहेर घेऊन पेटीपासून दोन बोटें दूर ठेविली, तेव्हां गाणें पुन्हां लागलें.

हा प्रयोग करणारांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उथळ पेटींत जुन्या धर्तीचा मोठा फिरता कंडेन्सर मावत नाहीं. ट्रान्झिस्टर रेडिओंतील प्लास्टिकचा लहान घ्यावा. पत्र्यावरील रंग विजेस अडवितो. म्हणून जोडाच्या जागीं व झांकण टेकतें तेथें तो खरवडावा. कथलाचा मुलामा असलेल्या पत्र्यास डाख सहज बसतो. ॲल्युमिनियमला बसत नाहीं, तेथें स्क्रू वापरावा. मंडलाच्या पाटीखालीं जाड पुठ्ठा घालावा, नाहींतर जोड तळास टेकून बॅटरी फुकट जाते. भोंक पाडतांना खालीं लांकडी ठोकळा ठेवावा व धार कानशीनें घासावी. बॅटरी ९ व्होल्टची पुरते; घरांतील २३० व्होल्टची वीज अशा पेटींत कधींहि आणूं नये.

हा केवळ पोरखेळ नव्हे. अमेरिकेंतील हौशी रेडिओतज्ज्ञ डग डिमॉ यांनीं १९७६ सालीं 'क्यूएसटी' मासिकांत ट्यूना माशाच्या डब्यावर बसविलेला, दोन ट्रान्झिस्टरांचा, ४० मीटर पट्ट्यावरील प्रेषक प्रसिद्ध केला, व तो पुढें पुष्कळांनीं बनविला. तसला डबा आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत मिळावयाचा नाहीं. कंपासपेटी मात्र मिळेल! अर्थात् प्रेषक चालविण्यास सरकारी परवाना लागतो, हें विसरूं नये.

असो. कांहीं टाकण्यापूर्वीं घरांतील मुलांस एकदां विचारावें. मातोश्री आतां इअरफोन कानास लावून त्याच पेटीवर बातम्या ऐकतात. आणि ती भंगारांत घालावयास निघालेले आम्ही आपल्या पाळीची वाट पाहत बसतों.