विश्लेषण : पेशींविना तयार होणारी लस नागपूरच्या उन्हात टिकेल का?

नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. बाळांना दिली जाणारी न्यूमोकोकल लस मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. म्हणून गडचिरोलीतल्या उपकेंद्रापर्यंत ती आइसपॅकच्या पेटीतूनच जाते. वाटेत पेटी तापली, की लस वाया. याच गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांनी वेळेवर औषध दिल्यास न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने दाखवले, तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. लसही अशीच गावात पोहोचली तरच कामाची.

लशीत साखर कशाला?

न्यूमोकोकस जिवाणूभोवती शर्करेचे कवच असते. नुसती ही शर्करा टोचली तर दोन वर्षांखालील बाळाच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. प्रथिनाला जोडून दिली तर होते. हीच कॉन्जुगेट लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ याच प्रकारची. पण जिवाणू वाढवा, शर्करा वेगळी काढा, प्रथिन वेगळे बनवा, मग दोन्ही जोडा, या साऱ्याला मोठा कारखाना लागतो.

नवे तंत्र काय?

ई. कोलाय जिवाणू फोडून त्यांचा अर्क काढतात. पेशी उरत नाही, पण तिची प्रथिने बनवणारी यंत्रणा अर्कात चालू राहते. शर्करा जोडणारे विकर त्यातच असते. अर्क गोठवून वाळवला की भुकटी होते. हवी तेव्हा पाणी आणि लशीचा डीएनए घालायचा, तासाभरात प्रथिनाला शर्करा जोडलेली मिळते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अशा लशीने उंदरांना टुलारेमियाच्या प्राणघातक संसर्गापासून वाचवले. पुढे ५० अंशांत चार आठवडे टिकणारी भुकटीही तयार झाली. नागपूरच्या मे महिन्यालाही पुरेल अशी.

मग अडचण कुठे?

उंदीर म्हणजे बाळ नव्हे. शिवाय मिश्रण झाले म्हणजे लस झाली असे नाही. ई. कोलायच्या अर्कातील विषारी घटक काढावे लागतात, प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासावी लागते. उपकेंद्रातील एएनएमताईंकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे. असे मिश्रण झालेच, तर ते नागपूरसारख्या शहरातील सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हायला हवे. तोवर सीरमच्याच ‘मेनआफ्रिव्हॅक’चा धडा हाताशी आहे: आफ्रिकेतील या लशीला २०१२ मध्ये ४० अंशांपर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. आपल्या लशींपैकी कोणत्या इतका ताप सोसतात, हे तपासायला नव्या तंत्राची वाट पाहावी लागत नाही.