माया वास्तू : कळस जपला, पायाचे काय?

मेक्सिकोच्या आग्नेयेकडील पाच राज्यांतून धावणारी सुमारे दीड हजार किलोमीटरची ‘माया रेल्वे’ डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी खुली झाली. चिचेन इत्झा, पालेंक, तुलूम ही माया संस्कृतीची ख्यातनाम स्थळे तिने जोडली. पर्यटन आणि रोजगाराचे गणित मांडून हा प्रकल्प रेटण्यात आला. मात्र, त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहिला आहे : माया वास्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे?

भारतीय वाचकांना चिचेन इत्झा आठवते ते २००७ मध्ये ताजमहालाबरोबर ‘नव्या सात आश्चर्यां’त त्याची निवड झाली म्हणून. तेथील कुकुल्कान पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. माथ्याची एक धरली की बेरीज ३६५ होते. धातूची अवजारे, ओझ्याची जनावरे आणि चाकाच्या गाड्या यांवाचून ही बांधकामे झाली. माया कमानीत मधला कळीचा दगड नसे. दोन्ही बाजूंचे थर थोडे थोडे पुढे सरकवून वर मिटवले जात. त्यामुळे दालने अरुंद आणि भिंती जाड राहिल्या.

या वास्तुकलेचे मर्म मात्र जमिनीखालच्या पाण्यात आहे. युकातान द्वीपकल्प चुनखडीचा आहे. त्याच्या उत्तर भागात पाणी पृष्ठभागावरून न वाहता झिरपून गुहांतून वाहते. गुहेचे छत कोसळले की ‘सेनोते’ ही नैसर्गिक विहीर तयार होते. खुद्द कुकुल्कान पिरॅमिडच्या खाली अशी पाण्याची पोकळी असल्याचे मेक्सिकोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. उश्माल येथे पावसाचे पाणी साठवण्यासाठी चुन्याचा गिलावा केलेली भूमिगत टाकी खोदण्यात आली. ग्वाटेमालातील टिकालमध्ये फरसबंद चौकांचा उतार जलाशयांकडे होता. मंदिर, चौक, टाके आणि रान ही एकच रचना होती.

रेल्वेचा आघात झाला तो या रचनेवरच. कान्कुन ते तुलूम हा टप्पा २०२२ मध्ये महामार्गालगतून जंगलात वळवण्यात आला. उन्नत मार्गाचे पोलादी खांब गुहांच्या प्रदेशात रोवले गेले आणि काही ठिकाणी ते गुहांची छते भेदून खाली उतरले. न्यायालयाने काम थांबवले. पण जुलै २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने प्रकल्प राष्ट्रीय सुरक्षेचा विषय ठरवून ते पुन्हा सुरू केले. द्वीपकल्पातील वस्त्यांची तहान याच भूजलावर भागते, हे येथे विसरून चालणार नाही.

सरकारची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. हा प्रदेश देशातील मागास भागांपैकी एक आहे. रुळांआधी झालेल्या उत्खननात हजारो प्राचीन बांधकामांची नोंद झाली. शेजारच्या बेलीझमध्ये २०१३ साली नोहमुल येथील पिरॅमिड रस्त्याच्या खडीसाठी पोखरून टाकण्यात आला होता, हे पाहता अशा नोंदीचे मोल कळते. तरीही नोंद म्हणजे जतन नव्हे.

विमानातून लेसर किरणांनी केलेल्या सर्वेक्षणात ग्वाटेमालात ६० हजारांहून अधिक बांधकामे आढळल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मेक्सिकोतील काम्पेचे राज्यात २०२४ मध्ये सुमारे ६,७०० बांधकामे आणि त्यांतच ‘व्हॅलेरियाना’ हे नगर उजेडात आले. तेथून महामार्ग फार दूर नाही. म्हणजेच माया वास्तू मोजक्या पिरॅमिडांपुरती नाही. ती शेते, बांध, रस्ते आणि जलाशयांसह मैलोन् मैल पसरलेली आहे. कुंपण आणि तिकीटखिडकी यांच्या आत तिचे जतन होणे अशक्य आहे.

माया भाषा बोलणारी लक्षावधी माणसे आजही या भूमीवर राहतात. पूर्वजांच्या शिखरांचे छायाचित्र पर्यटकाला मिळेल. त्यांच्या विहिरीचे पाणी स्वच्छ राहील काय, याचे उत्तर मात्र रेल्वेच्या वेळापत्रकात सापडणार नाही.