गोशिकीचा उतार: बंद पडलेले स्की-केंद्र कसे वाचावे?

१/ जपानमधील बंद पडलेल्या स्की-केंद्रांची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. गंजलेली लिफ्ट, गवतात बुडालेले खांब, फुटक्या काचांचे उपाहारगृह. खाली बहुधा एकच स्पष्टीकरण असते: तेजीचा फुगा फुटला आणि हे अवशेष उरले. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. का, ते एका लहानशा उदाहरणावरून पाहू.

२/ होन्शू बेटाच्या उत्तर भागात, यामागाता प्रांतातील योनेझावा शहराच्या हद्दीत, आझुमा पर्वतरांगेत गोशिकी ओन्सेन नावाचे ठिकाण आहे. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे; गोशिकी म्हणजे पाच रंग. येथील स्की-केंद्र जपानमधील पहिले खासगी स्की-केंद्र म्हणून ओळखले जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले.

३/ आरंभ थोडा मागून करावा लागतो. जानेवारी १९०२ मध्ये हाक्कोदा पर्वतात हिवाळी सरावासाठी निघालेल्या २१० सैनिकांच्या तुकडीतील १९९ जण हिमवादळात मृत्युमुखी पडले. बर्फात सैन्य कसे चालवावे, हा प्रश्न जपानी लष्करापुढे अत्यंत निकडीचा होता. १२ जानेवारी १९११ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख याने निइगाता प्रांतातील ताकादा येथे जपानी सैनिकांना स्कीचे धडे देण्यास सुरुवात केली.

४/ लेर्खने शिकवलेली पद्धत एका लांब काठीच्या आधाराची होती. त्याच वर्षी जपानमध्ये राहणारा दुसरा एक ऑस्ट्रियन, एगॉन फॉन क्राट्झर, याचे नाव गोशिकीच्या उताराशी जोडले गेले. ताकादात स्की हे लष्करी साधन होते. गोशिकीत ते हौस म्हणून रुजले. जपानी स्कीच्या इतिहासातील हा दुसरा प्रवाह पुष्कळदा दुर्लक्षित राहतो.

५/ पण गोशिकीच का? बर्फ तर उत्तर जपानात सर्वत्र पडतो. याचे उत्तर रेल्वेमार्गात आहे. १८९९ मध्ये फुकुशिमा आणि योनेझावा यांना जोडणारा ओऊ मार्ग इताया खिंडीतून सुरू झाला. चढ इतका तीव्र, हजार मीटरला तीस मीटरांहून अधिक, की आकाइवा, इताया, तोगे आणि ओसावा ही चार लागोपाठची स्थानके ‘स्विचबॅक’ पद्धतीने बांधावी लागली.

६/ म्हणजे काय, तर स्थानक मुख्य मार्गाच्या बाजूला, सपाट फाट्यावर. थांबणारी गाडी त्या फाट्यावर जाई आणि पुढे-मागे होत पुन्हा चढाला लागे. वेगाच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती. परंतु या अडचणीमुळेच निर्जन डोंगरात स्थानके उभी राहिली, आणि इतायाला उतरलेला प्रवासी गोशिकीच्या झऱ्यांकडे वर चढू शकला.

७/ १९२० च्या दशकात येथे राजघराण्यातील आणि सरदार घराण्यांतील मंडळींसाठी स्की-निवास उभारण्यात आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘सहा पाकळ्यांचे फूल’, म्हणजे हिमकण. सत्तेच्या सर्वांत जवळ असलेली माणसे लोकांच्या नजरेपासून दूर, या उतारावर येत होती.

८/ आणि त्याच दशकात, ४ डिसेंबर १९२६ रोजी, याच गोशिकीत जपानच्या साम्यवादी पक्षाची गुप्त परिषद भरली. १९२२ मध्ये स्थापन झालेला आणि १९२४ मध्ये विसर्जित झालेला हा बेकायदा पक्ष येथे पुन्हा उभा करण्यात आला. फुकुमोतो काझुओ यांच्या विचारांचा त्यावर प्रभाव होता. १५ मार्च १९२८ च्या देशव्यापी धरपकडीत दीड हजारांहून अधिक लोक पकडले गेले.

९/ राजपुत्र आणि क्रांतिकारक एकाच डोंगरावर! हा निव्वळ योगायोग मानू नये. दोघांनाही हवे होते तेच: रेल्वेने गाठता येईल इतके जवळ, नजरेआड राहता येईल इतके दूर, आणि हिवाळ्यातही मुक्काम करता येईल असे ठिकाण. रेल्वे, झरे आणि बर्फ या तिन्हींचा संगम हेच गोशिकीचे भांडवल होते.

१०/ पुढे स्कीची लाट आली. १९८७ मध्ये विश्रामस्थळांच्या विकासाला उत्तेजन देणारा कायदा झाला. त्याच वर्षी ‘मला स्कीला घेऊन चल’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट गाजला. १९९० च्या दशकात स्की करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर पोहोचली. आज ती त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. मोठी केंद्रेही या ओहोटीतून सुटली नाहीत.

११/ पण इतायात काय घडत होते? १९९० मध्ये स्विचबॅक रद्द झाले. १ जुलै १९९२ रोजी यामागाता शिंकान्सेन सुरू झाली आणि जलद गाड्या खिंडीतून न थांबता जाऊ लागल्या. राहिल्या त्या मोजक्या स्थानिक गाड्या. २०२१ मध्ये आकाइवा स्थानक कायमचे बंद झाले. ज्या अडचणीमुळे गाडी थांबत होती, ती अडचणच दूर झाली होती.

१२/ माझे मत असे: गोशिकीसारख्या लहान केंद्राचा अंत केवळ फुगा फुटल्याने झाला असे म्हणणे म्हणजे शेवटच्या दहा वर्षांवरून साऱ्या शतकाचा निकाल लावणे होय. मोटारी, रुंद रस्ते, भव्य केंद्रे आणि वेगवान गाड्या यांनी ‘स्थानकावर उतरून डोंगर चढण्याचा’ भूगोलच आधी पुसून टाकला होता. मंदी नंतर आली.

१३/ कोणी म्हणेल, जे परवडले नाही ते बंद पडले. त्यात शोक कसला? मान्य. उतारावर पुन्हा झाडे वाढत असतील तर ती वाढू द्यावीत. आग्रह जतनाचा नाही, नोंदीचा आहे. लिफ्टचे जुने तिकीट, उतारांचा नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक, वसतिगृहाची नोंदवही ही सारी इतिहासाची साधने आहेत आणि ती लोखंडाहून लवकर नष्ट होतात.

१४/ म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी गंजलेल्या लिफ्टचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. या जागेचे नाव काय? येथे प्रथम कोण आले? कोणत्या वाटेने आले? आणि ती वाट केव्हा बंद झाली? गोशिकीच्या बाबतीत चौथ्या प्रश्नाचे उत्तर उतारावर सापडत नाही. त्यासाठी खाली इताया स्थानकावर यावे लागते.