अर्जात आधी गाव विचारतात

गेल्या रविवारी काचीगुड्यात भाजी घेताना शेजारच्या काकू भेटल्या. नातू यंदा दहावीला. परीक्षा झाली की त्याला लातूरला मामाकडे ठेवायचं, अकरावी-बारावी तिथेच करायची, असं घरात ठरलंय. डॉक्टर व्हायचंय ना!

मी विचारलं, "पुढे मेडिकलला प्रवेश कुठला मागणार? इथला की तिथला?"

"अगं, मार्क पडले की कुठेही मिळेल!"

इथेच चुकतं. आपल्याला वाटतं, अर्ज आला की आधी मार्क बघतात. प्रत्यक्षात राज्याच्या कोट्यात पहिला प्रश्न असतो, शिकलात कुठे?

सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, बाकीच्या ८५ टक्के राज्याकडे राहतात. तेलंगणाच्या कोट्यात स्थानिक म्हणून बसायचं तर नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं इथे शिकलेलं असावं लागतं. २०२४ मध्ये हा नियम कडक झाला, त्यावर कोर्टकचेरी झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. महाराष्ट्राला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातली लागते, वर डोमिसाइलचा दाखला. सरकारी नोकरीतल्या आईवडिलांच्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण काकूंचा मुलगा दुकानदार.

आता हिशेब करा. दहावी काचीगुड्यात, बारावी लातुरात. नीटला मार्क कितीही चांगले पडोत, हा मुलगा इथेही स्थानिक नाही आणि तिथेही नाही. उरतो तो अखिल भारतीय कोटा, नाहीतर खाजगी आणि अभिमत कॉलेजांची फी. ती फी ऐकून काकू भाजीची पिशवी खाली ठेवून उभ्याच राहिल्या.

लातूरला जाऊच नये असं नाही. तिथली शिकवणी हवीच असेल तर बारावी इथे करून मग रिपीटर बॅचला जाता येतं. चार वर्षं मोजतात ती बारावीपर्यंतची.

इंजिनिअरिंगचंही साधारण असंच. आपल्याकडे ईएपीसेटच्या रँकमध्ये इंटरच्या मार्कांना २५ टक्के वजन असायचं, ते २०२३ पासून कायमचं गेलं. इंटरचे मार्क आता पात्रतेपुरते. बी.ए., बी.कॉम.ला मात्र 'दोस्त'मधून इंटरच्याच मार्कांवर सीट मिळते, आणि गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठातल्या पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमांना सीयूईटीचे गुण चालतात. एकाच शहरात एकाच मुलाला तीन ठिकाणी तीन वेगळे काटे! बारावीत ९५ टक्के पडलेली मुलगी एका ठिकाणी पहिल्या यादीत असते, आणि दुसऱ्या ठिकाणी तिचे ते मार्क कुणी बघतही नाही. त्यामुळे कुठे अर्ज करायचा हे ठरल्याशिवाय कशाचा अभ्यास जास्त करायचा हे ठरत नाही.

एक गंमत सांगते. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात मातृभाषा मराठी असल्याची दखल घेतली जाते, पण ती वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या मुलांसाठी. बेळगावच्या मुलाला त्याचा उपयोग होतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलतो, गणपतीत नाटकं बसवतो, पण अर्जात आपल्यासाठी तसा रकाना नाही. मुलांच्या वडिलांचं किंवा आईचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर इंजिनिअरिंगला वेगळा मार्ग आहे, तेवढं घरी विचारून घ्या.

आणि मुलांनो, आठवी संपली असेल तर आजपासून प्रत्येक वर्षाचं स्टडी सर्टिफिकेट शाळेतून घेऊन एका फाइलमध्ये ठेवा. काउन्सेलिंगच्या आदल्या दिवशी जुन्या शाळेत धावणारे पालक मी दरवर्षी बघते, आणि त्या दिवशी हेडमास्तर हमखास रजेवर असतात.

काकूंनी त्याच संध्याकाळी लातूरला फोन लावला. नातवाचं अजून ठरलेलं नाही. मामा मात्र रुसलेत, खोलीला रंगही देऊन झाला होता म्हणे.