बॅटरी मालव गो!

कार्तिक वद्य अष्टमी मामांनी मुद्दाम निवडली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी इतकं ओढतं की गरीचं शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीला पाणी भांगाचं असतं, मऊ. शिवाय चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे दिवस मावळल्यापासून निखळ काळोख. गरवायला जायचं तर याच दिवशी, असं त्यांनी आठवडाभर आधी फोनवर सांगितलं, आणि मी पुण्याहून मालवणला, आजोळी आले.

दांडीच्या किनाऱ्यावरून होडी लोटली तेव्हा साडेपाच झाले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून आम्ही बाहेर पडलो. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला उभारायला घेतला. त्याच्या पायाच्या दगडांत शिसं ओतलं, हे लहानपणी शंभरदा ऐकलेलं. तटाला लाटा आपटताना पाहिल्या की ते ऐकीव राहत नाही. मामांचं लक्ष मात्र तटावर नव्हतं, किनाऱ्यावर होतं. एक माड बुरुजाच्या आड जाईपर्यंत आणि देवळाचा कळस एका डोंगराच्या खांद्याशी येईपर्यंत त्यांनी होडी पुढेमागे केली, मग मशीन बंद केली. नांगराचा दोर हातावर मोजला. सात वाव. खाली खडप होतं, नेमकं तेच, जिथे त्यांचे वडील त्यांना आणायचे.

दुपारभर वाहणारा खारा वारा पडला होता. रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि मतलई सुटते, जमिनीकडून पाण्याकडे. या दोन वाऱ्यांच्या मधे तासभर समुद्र अगदी गप्प असतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, असा सगळ्या गावाचा दिवस या वाऱ्यांवर बेतलेला असे. मला तो मधला तास सगळ्यांत आवडतो.

पेडव्याचे तुकडे गरीला लावून तंगूस, म्हणजे गरीची दोरी, सोडला. उजेड होता तोवर राणे लागले. गुलाबी, अंगावर पिवळ्या रेघा, पाण्याबाहेर आले की झरझर फिके पडणारे. मग अंधारलं. चारा लावताना दिसेना म्हणून मी मोबाइलचा दिवा लावला, तर मामा हळूच म्हणाले, "बॅटरी मालव गो. मासो बुजता. आणि तुझे डोळेय आंधळे होतत."

दिवा मालवला. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एकदा दिवा लावला की ती सगळी कमाई जाते. मी बसून राहिले. हळूहळू होडीची कड दिसली, मग मामांचा हात, मग पाणी. आणि पाणी पेटलेलं होतं. तंगूस हलला की त्याच्याभोवती निळसर हिरवी रेघ उमटे, वल्ह्यावरून ठिणग्या गळत. नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव पाणी ढवळलं की असे चमकतात. मामांना त्या नावाची गरज नाही. खालून थवा फिरला की पाण्यात उजेडाचा ढग सरकतो, त्याच्या आकारावरून आणि चालीवरून ते मासा ओळखतात. ही विद्या काळोखाशिवाय चालतच नाही.

"मुठीत नको धरू, बोटार धर," त्यांनी शिकवलं. तर्जनीवर ताणलेल्या तंगुसातून तळ कळतो: शिसं वाळूवर आहे की दगडावर, चारा आहे की गेला. मग एक बारीक टिचकी, पुन्हा एक. मी ओढणार, तोच, "दम धर. चाखता हा, गिळूक नाय अजून." मग दोर एकदम खाली गेला. "आता वढ!"

गोबरा होता, वीतभराचा. मामांनी ओल्या हाताने गरी सोडवली आणि त्याला परत पाण्यात सोडलं. बहुतेक जातींचे गोबरे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे लहान मारले तर अंडी घालणारी मादी जाते, आणि मोठे वेचून नेले तर नर. गरीवाल्याला निदान एकेका माशापाशी थांबून ठरवता येतं.

तेव्हाच मला पश्चिमेची दिव्यांची रांग दिसली. शहर वाटावं इतका पांढरा उजेड, जिथे फक्त समुद्र आहे तिथे. एलईडीच्या बोटी. जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे, त्यांच्याभोवती लहानमोठा सगळा मासा जमतो, आणि मग जाळ्याने तो वेढा एकदम आवळायचा. या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. राज्याने 1981 चा मासेमारीचा कायदा 2021 मध्ये कडक केला, दंड लाखांत नेला. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. नियम चांगले आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्या उजेडात आलेल्या हजारो माशांतून वीतभराचा गोबरा कोण निवडणार? मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझ्या मामांना ज्या काळोखात मासा दिसतो, तो काळोखच कुणीतरी उचलून नेतंय.

मामा काही बोलले नाहीत. त्या रांगेकडे पाठ करून बसले आणि पुन्हा चारा लावला.

नऊच्या सुमारास मतलई सुटली, तेव्हा नांगर उचलला. अकरा राणे आणि एक तांबोशी. घरी मामी मागच्या पडवीत आडाळो, म्हणजे विळी, मांडून बसल्याच होत्या. टोपली पालथी करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गोबरो नाय गावलो?"

"गावलो," मामा पाय धुता धुता म्हणाले. "वाढूक सोडलंय."